कोणत्या वारी

सोमवारी जळणारा. बुधवारी प्लास्टिक.
काच महिन्यातून एकदा, तीही रंग पाहून.
नागानोच्या या दरीत मला वाचता आलेली
पहिली जपानी अक्षरं कचऱ्याची होती.

पिशवी पारदर्शक. वर नाव लिहायचं, ठळक.
पहिल्याच आठवड्यात माझी पिशवी
तांबडं लेबल लावून घेऊन कोपऱ्यावर एकटी उभी,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखी.
तायडेचं इथल्या लिपीत ताइदे झालेलं,
आणि सगळ्या गल्लीला कळलेलं
की ताइदे लोणच्याची बरणी न धुता टाकतो.

इशिझुकाबाई तीच बरणी घेऊन दारात आल्या.
वय अठ्ठ्याहत्तर, पायांत गमबूट, कमरेत वाकलेल्या.
रागावल्या नाहीत.
माझ्याच नळाखाली बरणी विसळली,
झाकण वेगळं, कागद वेगळा,
मग आत नाक घालून विचारलं, हे काय होतं?
कैरीला शब्द नव्हता माझ्याकडे.
म्हटलं, आंबा. लहानपणीचा.
त्यांनी मान डोलावली. एवढं पुरलं त्यांना.

तेव्हापासून मी दुधाचे खोके कापतो, उलगडतो,
चिमटे लावून दोरीवर वाळत घालतो.
फोनच्या पडद्यातून आई बघते.
"इथं कधी जेवलेलं ताट उचललं नाहीस."
खामगावला ती दुधाच्या पिशव्या धुऊन
खिडकीच्या गजांना चिकटवायची,
किलोभर साठल्या की भंगारवाल्याला हाक.
मित्र यायचे असले की मी त्या ओढून काढायचो,
गादीखाली दडवायचो.
चिक्कूपणा म्हणायचो मी त्याला.
इथे त्याचंच रंगीत कॅलेंडर मिळतं,
नगरपालिकेच्या शिक्क्यासकट.

गाडी घेतली नाही. कारखान्यात सायकलने जातो,
बर्फ साचलं की चालत.
हिवाळ्यात एकच खोली तापवतो
आणि बाकीच्या घरात पाहुण्यासारखा
अंगात कोट घालून फिरतो.

मग डिसेंबरात एका रात्री विमानात बसतो.
खिडकीतून पंख दिसतो, पंखाखाली इंजिन,
आणि वर्षभर धुतलेले सगळे खोके
डोळ्यांदेखत जळत जातात,
सोमवार नसतानाही.

यंदा वही काढून हिशेब मांडला.
आईला म्हटलं, आता एक वर्षाआड येईन,
आणि का, तेही सांगितलं, आकड्यांसकट.
ती इतका वेळ गप्प की वाटलं रेंज गेली.
मग म्हणाली,
"तुझ्या त्या यादीत मी कोणत्या वारी येते?"

पंधरा दिवसांनी पार्सल आलं.
तेही विमानानेच आलं असणार, मी विचारलं नाही.
मांजरपाटात शिवलेलं, टाक्यांवर लाखेचे ठिपके,
वर तिच्या अक्षरात माझा पत्ता,
जपानच्या खाली दोन रेघा,
पोस्टमन चुकू नये म्हणून.
आत शेंगदाण्याची चटणी. चिठ्ठी नाही.

चटणी संपली, कापड उरलं.
कॅलेंडरमध्ये जुन्या कपड्यांचा दिवस होता, शाईचा नव्हता,
लाखेचा तर नव्हताच.
इशिझुकाबाईंना विचारायला गेलो.
त्यांनी कापड उलटसुलट पाहिलं,
पत्त्यावरून अंगठा फिरवला,
म्हणाल्या, त्यांचा मुलगा ब्राझीलला असतो.
कधी येतो?
"अकरा वर्षं झाली," त्या म्हणाल्या,
बस किती वाजता आहे ते सांगावं तशा.

कापड त्यांनी ठेवून घेतलं.
दुसऱ्या दिवशी दारात ते परत,
चार कोपऱ्यांची गाठ मारून,
आत मातीसकट दोन मुळे,
पाला गाठीतून बाहेर डोकावणारा.
पत्ता बाहेरच्या बाजूला,
कुणीतरी मलाच मला पाठवल्यासारखा.

मुळ्याची कोशिंबीर केली, पाल्याची भाजी,
देठसुद्धा टाकले नाहीत.
मग कापड धुवायला घेतलं.
माती निघाली, हळदीचा एक डाग फिकटला.
पत्त्यापर्यंत पाणी आलं
तेव्हा मी नळ बंद केला.